आधी बसायची जागा ठरवा, मग झाड निवडा

एका वाचक भगिनींचे पत्र: “आमची बैठकीची खोली लांबट आहे. एका टोकाला पूर्वेची मोठी खिडकी, तर दुसऱ्या टोकाला, खिडकीपासून साधारण चार मीटरवर, सोफा आणि त्याच्या वर एसी. भिंती पांढऱ्या, फरशी गुळगुळीत आणि सामान मोजके असल्यामुळे खोली कोरी आणि परकी वाटते. गेल्या वर्षी एकदम बारा रोपे आणली: तीन सक्युलंट, एक लॅव्हेंडर, एक फिडल लीफ फिग, दोन कॅलाथिया, एक पीस लिली, दोन स्पायडर प्लांट, एक मनीप्लांट आणि एक बोस्टन फर्न. सर्वांना चिनी मातीच्या सुंदर कुंड्या घेतल्या आणि सोमवारी व गुरुवारी न चुकता पाणी घातले. वर्षभरात आठ रोपे गेली. खिडकीच्या कट्ट्यावरचे स्पायडर प्लांट आणि मनीप्लांट तेवढे उरले, आणि न्हाणीघराच्या खिडकीतला फर्न. सोफ्याजवळ आणि टीव्हीशेजारी मांडलेले एकही वाचले नाही. घरात दीड वर्षाची मुलगी आहे आणि एक मांजर. आम्ही दोघेही नोकरी करतो, त्यामुळे या खोलीत निवांत बसणे होते ते रात्रीच. माझा हात झाडांना लाभत नाही असे वाटू लागले आहे. तरीही ही खोली शांत, ऊबदार वाटावी अशी फार इच्छा आहे. कोणती रोपे घेऊ?”

सप्रेम नमस्कार.

हात लाभत नाही हे वाक्य आधी मनातून काढून टाका, कारण त्याविरुद्धचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. जगलेली चारही रोपे खिडकीत होती आणि गेलेली आठही खोलीच्या आतल्या भागात होती. पाणी मात्र सर्वांना तुमच्याच हातून, त्याच दोन वारी मिळत होते. झाड पाणी ओढते ते मुख्यतः प्रकाशाच्या जोरावर. पुरेसा उजेड असला की पाने अन्न तयार करतात, त्यांची रंध्रे उघडी राहतात, पानांतून बाष्प बाहेर पडते आणि मुळे खालून पाणी खेचत राहतात. उजेड कमी पडला की ही सगळी साखळी मंदावते, कुंडीतली माती दिवसेंदिवस ओली राहते, मातीच्या कणांमधल्या हवेची जागा पाणी घेते आणि मुळांना श्वसनासाठी लागणारा प्राणवायू मिळेनासा होतो. अशा गुदमरलेल्या मुळांवर बुरशीजन्य रोग लवकर बसतात आणि मुळकूज सुरू होते. घरातली झाडे तहानेपेक्षा या कारणाने अधिक मरतात असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे, आणि ती बहुधा काळजी घेणाऱ्या माणसांच्याच घरी मरतात, हे पाहून मला दर वेळी वाईट वाटते.

तुमच्या पीस लिलीचे असेच झाले असावे. हे झाड तहानले की पाने खाली टाकते आणि पाणी मिळाले की काही तासांत उभे राहते, त्यामुळे ते पाळायला सोपे मानले जाते. पण मुळे कुजली तरीही त्याची पाने तशीच मलूल होऊन खाली झुकतात, कारण कुजलेली मुळे पाणी वर पोहोचवू शकत नाहीत. माणूस तहान समजून आणखी पाणी घालतो आणि झाड संपते. चिनी मातीच्या सुंदर कुंड्यांना तळाला छिद्र नसेल तर हे संकट दुप्पट होते. तळाशी खड्यांचा थर दिला की निचरा होतो हा समज फार पसरलेला आहे, पण तो चुकीचा आहे. बारीक मातीतून जाड खड्यांत पाणी सहजी उतरत नाही. माती पूर्ण भिजेपर्यंत ते मातीच्याच तळाशी अडून राहते, म्हणजे ओला चिखलाचा भाग उलट मुळांच्या अधिक जवळ येतो. सक्युलंट आणि लॅव्हेंडर ही उघड्या उन्हातली झाडे आहेत, त्यांना खोलीच्या आतल्या बाजूला ठेवणे म्हणजे उपाशी ठेवण्यासारखेच होते. फिडल लीफ फिगलाही भरपूर आणि स्थिर उजेड लागतो. राहिले कॅलाथिया. त्यांना दमट हवा प्रिय असते आणि एसीच्या कोरड्या झोतात त्यांच्या पानांच्या कडा करपतात. यांपैकी कोणत्याही गोष्टीचा तुमच्या हाताशी संबंध नाही.

आता तुमच्या मूळ इच्छेकडे वळते. झाडांमुळे खोली शांत का वाटते, याचा थोडा विचार केला तर निवड पुष्कळ सोपी होते. रॉजर उलरिच या संशोधकाने १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्याने तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते रुग्ण, खिडकीतून विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. तुलनेसाठी लावलेल्या रुग्णांच्या जोड्या केवळ २३ होत्या आणि ती झाडे खिडकीबाहेरची होती, हे लक्षात ठेवूनच त्यातून अर्थ काढावा. तरी पुढे रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने जे मांडले ते मला माझ्या रोजच्या जगण्यात खरे वाटत आले आहे. दिवसभर प्रयत्नपूर्वक एकाग्र केलेले लक्ष थकते, आणि जे दृश्य आपले लक्ष न मागता, हळुवारपणे धरून ठेवते, त्याच्या सहवासात ते पुन्हा ताजे होते. हलणारे पान, त्याची भिंतीवर पडलेली सावली, पानावरच्या शिरा ही अशी दृश्ये आहेत. याचा तुमच्यासाठी अर्थ असा की झाड जिथे नजर आपोआप विसावते तिथे असले पाहिजे, आणि ते निरोगी असले पाहिजे. कोपऱ्यात पिवळे पडत चाललेले रोप लक्ष मागत राहते, मनाला टोचत राहते. अशी आठ रोपे असलेल्या खोलीत तुम्हाला शांतता लाभली नाही यात नवल नाही.

हवा शुद्ध होईल म्हणून कोणी अमुक रोप घ्या असे सुचवले तर त्या कारणासाठी ते घेऊ नका. १९८९ मध्ये नासाने केलेल्या प्रयोगांत काही झाडांनी हवेतील विषारी वायू कमी केले हे खरे, पण ते प्रयोग लहान, हवाबंद पेट्यांत झाले होते. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण झाले तेव्हा दिसले की साध्या वायुविजनाने घरातली हवा जेवढी बदलते, तेवढा परिणाम झाडांनी साधायचा तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडे लागतील. खिडकी उघडणे त्याहून कितीतरी सोपे आहे. झाडे घरात आणावीत ती त्यांच्या सहवासासाठी, आणि तेवढे कारण पुरेसे आहे.

माझी पहिली सूचना रोप विकत घेण्याची नाहीच. सोफा हलवून पाहा. तो खिडकीपासून सर्वांत लांबच्या भिंतीला, एसीखाली आहे. तो जर लांबीच्या भिंतीला, खिडकीपासून दीड-दोन मीटरवर आणता आला, तर खिडकी बसणाऱ्याच्या बाजूला येईल, आणि तुम्हाला व झाडाला एकाच ठिकाणी राहता येईल. ऊबदार वाटणे म्हणजे बहुतेक वेळा आडोसा असणे. पाठीमागे भिंत, एका बाजूला काहीतरी उंच आणि मऊ, डोक्याच्या थोडे वर झुकलेली पाने आणि समोर मोकळी जागा असली की माणूस नकळत सैल होतो. म्हणून खोलीभर विखुरलेल्या दहा लहान कुंड्यांपेक्षा बसण्याच्या जागेला बिलगून ठेवलेले एक मोठे झाड जास्त काम करते. लहान कुंड्या खोलीत इकडेतिकडे ठेवल्या की नजर एकीवरून दुसरीवर उडत राहते, आणि कोरेपणा जातो तसा पसारा येतो. एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगते. गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंतींमुळे खोलीत आवाज घुमत असेल तर त्यावर झाडांचा फारसा उपयोग होणार नाही. त्यासाठी जाड सतरंजी किंवा गालिचा आणि घडीदार पडदा हवा. तो आधी घेतलात तर झाडांच्या वाट्याला त्यांच्या आवाक्यातले काम राहील.

सोफ्याची जागा ठरली की तिथला उजेड तपासा. आपले डोळे याबाबतीत आपल्याला फसवतात, कारण ते अंधाराशी चटकन जुळवून घेतात. भर दुपारच्या उघड्या उन्हात सुमारे १,००,००० लक्स इतका प्रकाश असतो, ढगाळ दिवशीही बाहेर १०,००० च्या आसपास असू शकतो, आणि रात्री दिव्यांनी चांगल्या उजळलेल्या वाटणाऱ्या खोलीत मात्र तो जेमतेम १०० ते ३०० भरतो. सावलीत तग धरणाऱ्या झाडांनाही दिवसभर काही शेकडो लक्स लागतात. घरच्या घरी करता येईल अशी चाचणी सोपी आहे. स्वच्छ दिवशी दुपारी दिवे बंद करून, जिथे कुंडी ठेवायची तिथे एक पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर सुमारे ३० सेंटिमीटर उंचीवर हात धरा. सावलीच्या कडा स्पष्ट असतील तर उजेड भरपूर आहे; सावली पुसट पण हाताच्या आकाराची असेल तर मध्यम; आणि सावली ओळखूच येत नसेल तर ती जागा कोणत्याही झाडाची नाही, तिथे सरळ दिवा किंवा चित्र ठेवावे. पूर्वेच्या खिडकीचे कोवळे ऊन बहुतेक घरातल्या झाडांना मानवते, पश्चिमेच्या प्रखर उन्हासारखे ते पाने जाळत नाही. त्या अर्थाने तुमची खिडकी फार चांगली आहे. तिच्या काचा आतून-बाहेरून पुसल्या तरी उजेडात पडणारा फरक तुम्हाला जाणवेल.

तुमच्या घरात दीड वर्षाची मुलगी आणि मांजर आहे, आणि माझ्या मते निवडीचा खरा निकष इथे आहे. मनीप्लांट, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, पीस लिली, ॲग्लोनिमा, डिफेनबाखिया आणि झेडझेड प्लांट या लोकप्रिय झाडांच्या पानांत आणि देठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात, त्यांतले कित्येक सुईसारखे टोकदार. पान चावले की ते तोंडात आणि जिभेवर रुततात, आग होते, लाळ गळते, सूज येते. बहुधा जिवावर बेतत नाही, पण लहान मुलाला आणि मांजराला होणारा त्रास तीव्र असतो. रबर प्लांटचा पांढरा चीक त्वचेला आणि पोटाला बाधतो, स्नेक प्लांटमुळे मांजराला उलट्या होऊ शकतात. सर्वांत मोठा इशारा सागो पामबद्दल द्यायचा आहे. नावात पाम असले तरी ते पाम कुळातले झाड नाही, ते सायकस या वेगळ्याच कुळातले आहे. त्याचे सर्व भाग विषारी असून बिया सर्वाधिक विषारी असतात, आणि त्याने यकृत निकामी होऊन पाळीव प्राणी दगावतात. ते घरात आणूच नका. तसेच कोणी भेट दिलेल्या पुष्पगुच्छात खऱ्या लिलीची फुले असतील तर ती मांजर असलेल्या घरात ठेवू नयेत, कारण त्यांचा परागही मांजराच्या मूत्रपिंडांना घातक ठरतो. पीस लिली ही त्या लिलीच्या कुळातली नाही, हा गोंधळ अनेकांचा होतो. मुलीने किंवा मांजराने काही चावलेच, तर पानाचा तुकडा सोबत घेऊन ताबडतोब डॉक्टरांकडे किंवा पशुवैद्याकडे जावे.

हे सारे वगळून जे उरते ते तुमच्या खोलीला नेमके शोभणारे आहे, याचा मला आनंद वाटतो. सोफ्याशेजारी ठेवायच्या मोठ्या झाडासाठी मी केंटिया पाम सुचवेन. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील लॉर्ड हाउ या छोट्याशा बेटावरचे हे झाड आहे. त्याची पाने लांब देठांवर कमानीसारखी बाहेर झुकतात, ते मध्यम उजेडात समाधानाने राहते, अतिशय सावकाश वाढते आणि मुलांना वा मांजरांना विषारी नाही. बसलेल्या माणसाच्या डोक्यावर हलके छत धरावे तसा त्याचा आकार असतो. ते मिळाले नाही, तर मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या जंगलांत मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारा पार्लर पाम घ्यावा. तो उंचीने लहान राहतो, म्हणून त्याला बैठकीसारख्या उंचवट्यावर ठेवावे लागेल. अरेका पाम सर्वत्र मिळतो आणि तोही निर्धोक आहे, पण त्याला या दोघांपेक्षा जास्त उजेड हवा. सोफ्याजवळ हाताची सावली स्पष्ट पडत असेल तरच त्याचा विचार करावा. सोफा हलवणे शक्यच नसेल आणि सावली अगदी पुसट असेल तर ॲस्पिडिस्ट्रा हे एक जुने, धीराचे झाड आहे. एकोणिसाव्या शतकात गॅसच्या दिव्यांच्या धुरकट, अंधाऱ्या दिवाणखान्यांत जी थोडी झाडे टिकत असत त्यांत हे अग्रणी होते. जमिनीतून थेट वर येणारी त्याची रुंद, गर्द हिरवी पाने दिसायला साधी आहेत, आणि शांत खोलीत मला तो साधेपणा फार आवडतो.

जे झाड निवडाल ते जड बुडाच्या, रुंद कुंडीत असू द्या. मुलगी उभी राहण्यासाठी ज्या गोष्टीचा आधार घेईल ती तिच्या अंगावर कलंडता कामा नये. मांजर माती उकरत असेल तर मातीवर मुठीपेक्षा मोठे गोटे रचावेत; शोभेचे बारीक खडे मुलीच्या तोंडात जाण्याची भीती असते.

दुसरा समूह खिडकीपाशी करावा, आणि त्यासाठी तुमच्याकडे निम्मी सामग्री आधीच आहे. दोन्ही स्पायडर प्लांट एकमेकांपासून दूर न ठेवता शेजारी-शेजारी, शक्य असेल तर एकाला वर टांगून आणि एकाला खाली ठेवून मांडले की त्यांची लांब, रेषांची पाने एकच कारंजे असल्यासारखी दिसतात. एकच जात दोन-तीनदा येणे आणि प्रत्येक कुंडीत वेगळी जात असणे यांत शांततेच्या दृष्टीने फार अंतर आहे. पुनरावृत्तीने डोळ्यांना विसावा मिळतो. मांजरांना या झाडाची पाने कुरतडायला आवडतात, पण ती विषारी नाहीत, टोके तेवढी फाटतील. मनीप्लांट टाकून देऊ नका, मात्र तो मुलीच्या आणि मांजराच्या उडीच्या पलीकडे, उंच कपाटावर किंवा छताच्या हुकाला टांगावा आणि लोंबणाऱ्या वेली वेळोवेळी छाटाव्यात. हा वेल लोंबता ठेवला की पाने लहान होत जातात आणि आधार देऊन वर चढवला की मोठी होतात, त्यामुळे तो भिंतीवर दोरीने वरच्या वर फिरवला तर मुलीपासून दूरही राहील आणि अधिक भरदारही दिसेल. बोस्टन फर्न न्हाणीघराच्या दमट हवेत खूश आहे. त्याला तिथून हलवू नये.

तुम्ही लिहिले आहे की खोलीत बसणे होते ते रात्रीच, आणि हा मुद्दा रोपे निवडताना सहसा कोणी विचारात घेत नाही. बहुतेक रोपे दिवसाच्या उजेडात पसंत केली जातात, पण तुमच्या झाडाला रात्रीच्या दिव्यात सुंदर दिसायचे आहे. ठिपक्यांची, पांढऱ्या-पिवळ्या छटांची नाजूक पाने दिव्याखाली फिकट पडतात. पामसारखी ठळक आकाराची, चिरलेली पाने मात्र तेव्हाच खुलतात. छतावरचा मोठा दिवा बंद करा, झाडाच्या मागे किंवा खाली, जमिनीलगत एक छोटा पिवळसर दिवा लावा, साधारण २,७०० केल्विनचा, आणि त्याची सावली तुमच्या पांढऱ्या भिंतीवर पडू द्या. ज्या भिंती तुम्हाला कोऱ्या वाटतात त्याच या सावलीसाठी उत्तम पडदा आहेत, आणि पंख्याच्या हलक्या वाऱ्यात ती सावली हलते तेव्हा खोलीत जो जिवंतपणा येतो तो कोणत्याही शोभेच्या वस्तूने येत नाही. दिव्याची वायर मात्र मुलीच्या हाती लागणार नाही अशी भिंतीला पक्की करावी आणि बल्ब एलईडीच असावा, म्हणजे पाने तापणार नाहीत. हा मंद दिवा झाडाचे पोट भरणार नाही हेही लक्षात असू द्या. दिवसा उजेड कमीच पडत असेल तर पांढऱ्या प्रकाशाचा एक एलईडी दिवा झाडाच्या माथ्यापासून ३० ते ४० सेंटिमीटरवर लावून, टायमरने रोज सुमारे बारा तास चालू ठेवावा. तुम्ही कामावर असताना तो आपले काम करेल आणि तुम्ही घरी येईपर्यंत बंद झालेला असेल.

रात्रीचा विचार करताना मरांटा या छोट्या झाडाचा मोह मला आवरत नाही. ते ब्राझीलमधले, कॅलाथियाच्याच कुळातले आणि तितकेच निर्धोक आहे. दिवसा त्याची पाने आडवी पसरलेली असतात आणि संध्याकाळ झाली की हात जोडल्यासारखी उभी मिटतात. पाते आणि देठ जिथे जुळतात तिथे एक फुगीर सांधा असतो. त्यातील पेशींमध्ये पाणी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकते आणि पान उचलले जाते. तुम्ही दमून घरी याल त्याच वेळी हे झाडही मिटत असेल, आणि मुलीला झोपवण्याआधी रोज दाखवावे असे हे दृश्य आहे. पण दोन कॅलाथिया गमावल्यानंतर लगेच ते घेऊ नये. मोठे झाड सहा महिने नीट राहिले की मग ते आणावे आणि एसीच्या झोतापासून दूर, खिडकीजवळ पण थेट ऊन लागणार नाही असे ठेवावे. पानांवर पाणी फवारून दमटपणा टिकत नाही, काही मिनिटांत तो उडून जातो. दोन-चार कुंड्या जवळजवळ ठेवण्याचा थोडा तरी उपयोग होतो.

चिनी मातीच्या कुंड्या वाया जाणार नाहीत. रोप छिद्रे असलेल्या साध्या प्लास्टिकच्या कुंडीतच राहू द्या आणि ती कुंडी या सुंदर कुंडीत बसवा. पाणी घालताना आतली कुंडी बाहेर काढून भरपूर पाणी द्यावे, निथळू द्यावे आणि मगच परत ठेवावी. बाहेरच्या कुंडीत पाणी साठलेले दिसले तर ओतून टाकावे. सोमवार-गुरुवारचा नियम सोडून द्या. सोमवार हा पाणी घालण्याचा वार न मानता माती तपासण्याचा वार माना. बोट मातीत दोन-तीन सेंटिमीटर खुपसा, कुंडी लहान असेल तर उचलून तिचे वजन अजमावा. पाणी दिल्यानंतरचे वजन आणि कोरड्या कुंडीचे वजन यांतला फरक हाताला दोन आठवड्यांत कळू लागतो. पामला वरचा थर कोरडा झाल्यावर, ॲस्पिडिस्ट्राला अर्धीअधिक माती कोरडी झाल्यावर पाणी द्यावे. ज्या महिन्यांत दिवस लहान आणि उजेड मंद असतो त्या महिन्यांत हे अंतर आपोआप वाढेल, आणि तेव्हा खतही देऊ नये. महिन्यातून एकदा ओल्या मऊ कापडाने पाने पुसा. धुळीचा थर पानांवर येणारा उजेड अडवतो, शिवाय पुसताना कीड वेळीच दिसते.

रोप घेताना पानांच्या खालची बाजू आणि देठांच्या बेचक्या पाहाव्यात. कापसासारखे पांढरे पुंजके असतील तर तो पिठ्या ढेकूण, तपकिरी चिकट टिपके असतील तर खवले कीड, आणि बारीक जाळी असेल तर कोळी कीड. असे रोप घेऊ नये. निरोगी दिसले तरी दोन आठवडे ते इतर झाडांपासून वेगळे ठेवावे. आणल्या दिवशीच कुंडी बदलू नये. सुरुवातीला एखाद-दुसरे जुने पान पिवळे पडले तर घाबरून जागाही बदलू नये, कारण नव्या उजेडाशी जुळवून घेताना झाड काही पाने सोडतेच. माझ्याकडचे पहिले फायकस मी अशाच काळजीपोटी दर आठवड्याला नव्या जागी नेत राहिले आणि दोन महिन्यांत त्याची सगळी पाने गळली. त्याला स्वस्थ बसू दिले असते तर ते जगले असते, याची मला आजही खंत आहे.

म्हणून या वेळी बारा रोपे नकोत, एकच घ्या. आधी सोफा हलवा, कागदावर हाताची सावली पाहा आणि मग केंटिया आणा. त्याचे नवे पान बंद भाल्यासारखे मधोमध वर येते आणि उलगडायला कित्येक आठवडे, कमी उजेडात काही महिनेही घेते. तुमच्या घरात फुटलेले पहिले पान पूर्ण उलगडेपर्यंत दुसरे कोणतेही रोप घेऊ नका. ते उलगडले की जागा त्याला मानवली असे समजावे, आणि मरांटाबद्दल मला तेव्हा पुन्हा लिहावे.